काजलदिघीचा हिरवा हापसा

हाटशिमुल, १२ मार्च २००१

ती. अब्बांना,
शानूचा सलाम, वि. वि.

पत्राला आठ दिवस उशीर झाला, म्हणून आधीच कान धरते. नोकरी सुरू झाली. तुमच्याच पाणी खात्यात, पण तुमच्यासारखी कायमची नाही. हापशांची पाहणी संपेपर्यंतच. तीन दिवस शिकवलं. बाटलीत हापशाचं पाणी घ्यायचं, पुड्या टाकायच्या, झाकणात कागदाची पट्टी अडकवायची आणि वीस मिनिटं थांबायचं. पट्टी पांढरी राहिली तर हापशाच्या तोंडाला हिरवा रंग, तपकिरी झाली तर लाल. लाल म्हणजे पाण्यात सोमल, आर्सेनिकचं विष आहे, पिऊ नका, त्यात रांधू नका. अम्माला सांगा, लेकीला बारावीपर्यंत शिकवून शेवटी रंगारीण केलं.

आमचे इंजिनियर वोहाब साहेब माणूस वाईट नाही, पण एकटा पडलाय. कचेरीत जागा सहा, भरलेल्या दोन, मोटारसायकल एक, आणि तिला पेट्रोल महिन्याच्या दहा तारखेपर्यंतच पुरतं. ते म्हणतात, दिवसाला वीस हापसे झालेच पाहिजेत. मी विचारलं, मग चालायचं कधी? तर म्हणाले, पट्टीची वीस मिनिटं भरता भरता.

आमच्या वाट्याला तुमचाच इलाखा आलाय. ज्या अंगणात जावं तिथं कुणीतरी ओरडतं, अगं ही तर तोबारक मिस्त्रीची पोर! मग बाटली राहते बाजूला आणि मुरमुरे-गूळ पुढ्यात येतो. अशानं मी जाड होऊन परत येणार.

खोकल्याचं औषध घेता की नुसतं उशाशी ठेवता? अम्माला सलाम. माझ्यावरची माया अंतरामुळं पातळ होऊ देऊ नका.

तुमची
शानू

---

बालुचर, २ एप्रिल २००१

चि. शाहनारास,
अनेक दुवा.

तुझं पत्र पोस्टमननं चहाच्या टपरीवरच दिलं, त्यामुळं घरी येण्याआधी अर्ध्या गावानं ऐकलं. औषध घेतो. अम्मा म्हणते खोटं लिहू नका, म्हणून लिहितो की कधी कधी घेतो.

तुला त्या इलाख्यात धाडलं हे बरं झालं. पटकीनं घरंच्या घरं ओस पडली होती तेव्हा सरकार म्हणालं, तळ्याचं पाणी सोडा. मी होडीत पाइप घालून त्या गावांतून फिरलो. लोक म्हणायचे, जमिनीच्या पोटातलं पाणी सैतानाचं. मग दर अंगणात पहिला पेला मी प्यायचो आणि अर्धा तास तिथंच बसून राहायचो, मरत नाही हे दाखवायला. त्रेचाळीस हापसे बसवले, बेटा. सगळे तोंडपाठ आहेत.

काजलदिघीच्या दक्षिण पाड्यातली माजेदा, माझी मानलेली बहीण. तिची दोन लेकरं एका आठवड्यात पटकीनं नेली. तिचं नाव हापशांच्या यादीत नव्हतं, मी साहेबांपुढं हात जोडून घालून घेतलं. पुढं हारेस झाला, तो जगला. अजून दर आंब्याच्या दिवसांत टोपली येते तिची.

आता एक विचारतो, ते नीट सांग. इथं टपरीवर म्हणतात की सगळीकडं लालच लाल निघतंय. माझ्या त्रेचाळिसांतले लाल किती? आणि माजेदाचा? घास घशाखाली उतरत नाही. आपण लोकांना काय पाजलं, हा विचार पाठ सोडत नाही. मन राखायला काही लिहू नकोस.

उन्हात डोक्यावर पदर घेत जा. तुझ्या खुशालीची वाट पाहणारा,

अब्बा

---

हाटशिमुल, ९ मे २००१

ती. अब्बांना,
सलाम, वि. वि.

उत्तराला उशीर झाला. ऊन फार आहे, आणि माझी जोडीदारीण दीपाली तापानं पडल्यामुळं पंधरा दिवस एकटीच हिंडत होते.

तुम्ही उगाच घास अडकवून घेतलात. तुमचे बहुतेक हिरवेच आहेत. चारदोन लाल निघाले, पण ते कुणाच्याही निघतात. माजेदा फूफूचा हिरवा. चांगला गडद हिरवा, नवाच डबा फोडला होता मी. फूफूनं तर मला उचलूनच घेतलं. शेजारपाजार गोळा करून सांगितलं, ही माझ्या भावाची लेक, माझ्या हापशाला हिरवा टिळा लावायला आलीय. चांगलं कोवळं कोंबडं कापलं. हारेसचं लग्न झालंय, बायको रूपबान सातवीपर्यंत शिकलेली आहे, लाजरी आहे, पण डोळे चलाख. मी निघताना फूफू म्हणाली, तुझ्या बापानं मला हा मुलगा दिला, अल्लाच्या खालोखाल तोच.

पुड्यांचा तुटवडा आहे. लाल रंगही संपत आला. साहेबांना वरून तारा येतात, की जूनआधी यादी पाठवा. ते म्हणाले, एका अंगणात तीन हापसे असतील तर एकाचीच पट्टी बघा, उरलेल्यांचं तेच लिहा. असं चाललंय.

आता निवांत जेवा. अम्माला माझी आठवण सांगा, आणि पुढच्या पत्रात हापशांऐवजी घरचं काही लिहा.

तुमच्या दुवेची धनी,
शानू

---

बालुचर, ४ जुलै २००१

चि. शानूस,
पुष्कळ पुष्कळ दुवा.

तुझं पत्र टपरीवर मी स्वतः वाचून दाखवलं, दोनदा. अब्दुल बारी म्हणाला, मिस्त्रीची छाती बघा, बटण तुटेल. तुटलंच शेवटी, अम्मानं शिवून दिलं.

माजेदाला मी पत्र टाकलं होतं. रूपबाननं उत्तर लिहिलं, अक्षर सुरेख आहे तिचं. पाड्यातले बाकी सगळे हापसे लाल निघाले म्हणे, म्हणून आता सतराच्या सतरा घरं माजेदाकडंच पाण्याला येतात. सकाळी रांग लागते. माजेदा बाजेवर बसून सगळ्यांवर हुकूम सोडते, जणू गव्हर्नरीणच. माझ्या एका हापशावर सतरा घरं जगतात, शानू. म्हातारपणी माणसाला आणखी काय पाहिजे?

हारेसचे तळहात खरखरीत झालेत, ज्वारीचे दाणे उठावेत तसे. छातीवरही काळे ठिपके आलेत. औषधवाल्यानं नायट्याचं मलम दिलंय. तागाच्या कामानं होत असेल. तुमच्या कचेरीत कुणी डॉक्टर येत असेल तर विचारून बघ.

पाणी चढलंय, अंगणापर्यंत आलंय. ईदला नक्की ये. तुला पाहायला आसुसलेले,

अब्बा आणि अम्मा

---

हाटशिमुल, १५ जुलै २००१

अब्बा,

सलाम लिहायला हात धजत नाही.

ते तागानं होत नाही. तो सोमल आहे. माजेदा फूफूची पट्टी इतकी तपकिरी झाली होती की मला वाटलं मीच पुड्या जास्त टाकल्या. पुन्हा केली. तीच. हातात लाल ब्रश होता, अब्बा. फूफू समोर उभी राहून सांगत होती की तुझ्या बापाच्या ह्या पाण्यानं मला हारेस दिला. शेजारणी बघत होत्या. मी लाल डब्याचं झाकण लावलं आणि हिरवा फोडला. मनाशी म्हटलं, उद्या येऊन हळूच सांगेन. उद्या दुसरं गाव होतं.

तुमच्या त्रेचाळिसांतले, फूफूचा धरून, एकतीस लाल आहेत. बाकीचे मी बरोबर रंगवले. खोटा एकच, आणि सतरा घरं त्याच्यावर.

तुमचं पत्र वाचलं तशी साहेबांकडं गेले. त्यांनी आधी दार लोटलं. म्हणाले, यादी ढाक्याला गेली. एक आकडा चुकला म्हटलं तर साडेचार हजार हापसे पुन्हा तपासायला लावतील, आणि माझ्याकडं एक पुडी शिल्लक नाही. मग म्हणाले, चुकीचा रंग लावणारी तू एकटीच आहेस असं वाटतं का तुला? त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. कपाटातून एक कागद काढला. जिथं जवळपास एकही हिरवा नाही, त्या पाड्यांना सरकार खूप खोलवरचे नवे हापसे देणार आहे. काजलदिघीच्या दक्षिण पाड्याचं नाव आधी त्या यादीत होतं. खोडलंय. शेवटच्या रकान्यात लिहिलंय, एक हिरवा उपलब्ध.

तुमचं मन राखायला मी हे केलं, असं लिहिणार होते. ते खरं नाही. मला त्या अंगणात लाडकी राहायचं होतं.

ईदला येत नाही. तुमच्यासमोर उभी राहू शकत नाही.

शानू

---

बालुचर, २० ऑगस्ट २००१

चि. शाहनारास,

महिनाभर लिहिलं नाही. लेखणी घेतली की शिव्याच येत होत्या, आणि त्या कुणाला द्यायच्या ते कळत नव्हतं.

शेवटी होडी केली आणि काजलदिघीला गेलो. लाल रंगाचा डबा बाजारातून घेतला. माजेदा धावत आली, माझ्यासाठी पिढं मांडलं. मी बसलो नाही. रांगेतल्या बायकांना म्हटलं, घागरी ओता. त्या हसल्या, त्यांना वाटलं म्हातारा थट्टा करतोय. मग मी हापशाच्या तोंडाला लाल रंग फासला. अर्धा रंग लुंगीवर पडला.

 माजेदानं विचारलं, की भाईजान, आता पिऊ काय? तळ्याचं? तळं सोडा असं तुम्हीच सांगितलं होतं ना? तीस वर्षं मी लोकांना उत्तरं दिली, शानू. सरकार सांगतंय म्हणून खरंच असेल, एवढंच माझं ज्ञान होतं. तेव्हा पाणी तपासलं होतं का, हे मी वर कधी विचारलं नाही. विचारायची माझी पायरी नाही असं वाटायचं. त्या अंगणात मान खाली घालून उभा राहिलो.

एक ऐक. हिरवा कसा लागला ते मी सांगितलं नाही. एक बाई म्हणाली, पोरीनंच घोळ केला असणार. माजेदा तिच्या अंगावर गेली. म्हणाली, खातं चुकेल, पट्टी चुकेल, माझ्या भावाची लेक चुकणार नाही.

 खरं काय ते मी बोलायचं नव्हतं. तू जाऊन बोल. त्यानंतर बालुचरला ये, नाही तर येऊ नकोस, ते तू ठरव. पण आधी काजलदिघी.

अम्मा रडते आहे. ती दुवा पाठवते.

अब्बा

---

हाटशिमुल, ७ ऑक्टोबर २००१

ती. अब्बांना,
सलाम. तुम्ही तो घ्याल की नाही हे माहीत नसताना करते आहे.

गेले. शुक्रवारी गेले, कारण सगळे पुरुष घरी असतात. अंगणाच्या मधोमध उभी राहून सांगितलं. पट्टी तपकिरी होती, मी पाहिली होती, तरी हिरवा लावला. आवाज फुटेना, म्हणून एक म्हातारा म्हणाला, मोठ्यानं बोल, मागं ऐकू येत नाही. मग पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं.

कुणी मारलं नाही. मला वाटलं होतं मारतील. एकजण म्हणाला, खोल हापसा आमच्या नावावर येऊन परत गेला म्हणायचा. रूपबाननं पोटावर हात ठेवला. तिला सातवा महिना आहे, अब्बा, आणि तुम्ही लाल लावेपर्यंत ती तेच पाणी पीत होती. हारेसनं दोन्ही हात माझ्यासमोर उघडले.

माजेदा फूफू आत गेली. बाहेर आली ती रिकामी घागर घेऊन. माझ्या पायाशी ठेवली आणि म्हणाली, हिरवा हापसा मदरशापाशी आहे, पाऊण मैल. एवढंच. मी भरून आणली. तिनं दुसरी ठेवली. संध्याकाळपर्यंत सहा आणल्या. तेव्हापासून दर शुक्रवारी जाते. ती माझ्याशी बोलत नाही, घागरी मात्र मांडून ठेवते.

साहेबांना लेखी अर्ज दिला, माझं नाव, तारीख, हापशाचा नंबर घालून. त्यांनी तीन दिवस तो वहीखाली दाबून ठेवला. चौथ्या दिवशी स्वतःच म्हणाले, चल. शेजारच्या कचेरीतून एक खोकं पुड्या उसन्या आणल्या होत्या. तुमच्या त्रेचाळिसांबाहेरचे बारा हापसे आम्ही पुन्हा पाहिले, जे न तपासता नुसते शेजारच्यावरून लिहिले होते. पाच चुकलेले निघाले. साहेब पाचव्याच्या कट्ट्यावर बसून राहिले. म्हणाले, वर लिहिलं तर माझी बदली, नाही लिहिलं तर ह्यांचं मरण, आणि मी सहा महिने हिशेब करत बसलो होतो. त्यांनी लिहिलं. अजून उत्तर आलेलं नाही. माझी मुदत संपली, ती वाढवली नाही. दीपालीच्या घरी राहते, मुलांच्या शिकवण्या घेते.

बालुचरला यायचं धैर्य अजून जमवते आहे. तोवर नाव टाकू नका.

शानू

---

काजलदिघी, ५ डिसेंबर २००१

भाईजान तोबारक मिस्त्रींना,
धाकट्या बहिणीचा सलाम पोचावा.

हे रूपबानच्या हातून लिहवून घेते आहे. तिला मुलगा झाला. वजनानं हलका आहे, पण दूध ओढतो. हारेसला शहराच्या इस्पितळात नेलं. डॉक्टर म्हणाले, ते पाणी सोडलं तर वाढणार नाही, पण हात पूर्वीसारखे होतील असं सांगवत नाही.

तुमच्या लेकीच्या कचेरीतले ते चष्मेवाले साहेब येऊन गेले. म्हणाले, खोल हापशासाठी पुन्हा नाव घातलंय, पुढच्या वर्षी, नाही तर त्याच्या पुढच्या वर्षी. मी म्हटलं, लेकराला पाणी आज लागतं. ते म्हणाले, मला माहीत आहे. खोटं आश्वासन दिलं नाही, एवढं त्यांचं बरं.

तुमची लेक दर शुक्रवारी येते. तिच्या खांद्याला घट्टा पडलाय. तिला मी माफ केलं असं सांगू नका, कारण केलेलं नाही. कधी कधी तिच्या डोक्यावर हात ठेवावासा वाटतो, मग हारेस समोरून जातो आणि हात खाली येतो. रूपबान तिच्याशी बोलते. मी अडवत नाही. तुम्ही तिला घरी बोलवा, भाईजान. बाप असताना पोरीनं परक्याच्या ओसरीवर ईद काढू नये.

आणि ईदनंतर तुम्ही सगळे इकडं या. बाळाचा चेहरा बघा. शेवया होतील, कोंबडं होईल, माझ्या घरात पाहुण्याला कधी कमी पडलेलं नाही. फक्त एक सांगायचं आहे. रूपबान लिहू नका म्हणते, पण लिहिल्यावाचून इलाज नाही. येताना पिण्याचं पाणी बरोबर आणा. आमच्याकडं घरातल्यांपुरतंच असतं. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला असं सांगते आहे, आणि सांगताना मान वर होत नाही.

राग असला तरी नातं आहे, ते राहू द्यावं.

तुमची
माजेदा