छपरावरचं गाढव आणि उत्तरांचं पुस्तक

बाबा, शेवटी पुस्तक ठरलं. लॅटिनचं. तुम्ही असतात तर आधी हसला असतात, मग विचारलं असतंत की कतारमध्ये लॅटिन कोणाला हवंय, आणि मग आईला चहा टाकायला सांगून पुस्तक स्वतःकडे ओढून घेतलं असतंत. काल ऑर्डर दिली तेव्हापासून मला एका जागी बसवत नाहीये. ऑफिसात आज दोन ड्रॉइंगांवर रिव्हिजनचा नंबर चुकीचा टाकला, आणि माझं तर कामच असे चुकलेले नंबर पकडायचं आहे. लुसैलहून ट्रॅममध्ये बसले आणि वाटलं, हे सांगायचं ते तुम्हालाच.

मुऐदरला आपल्या जुन्या घरापासून दोन गल्ल्या सोडून एक पुण्याची ताई राहते. तिच्या दोन मुली घरीच शिकतात. धाकटी तेराची, तोंडाची टकळी बंद न होणारी. थोरली पंधराची. ती शाळेत जायची, पण आठवीत एकदा उभं राहून उत्तर दिलं, ते चुकलं, वर्ग हसला, आणि तिने हात वर करणं सोडलं. मग वर्गात बोलणं सोडलं, मग शाळा. घरी आल्यावरही वर्षभरात तीन विषय धरले आणि सोडले. लॅटिन मात्र तिचं तिनेच मागितलं, कारण तिला शिंपल्यांचा नाद आहे आणि त्यांची शास्त्रीय नावं तिला नुसती पाठ करायची नव्हती, कळायला हवी होती. ताईने मला स्वच्छ सांगितलं, "हेही सुटलं तर एप्रिलमध्ये मी तिला परत शाळेत घालणार. माझ्यात आता हिंमत नाही गं." मग तिने विचारलं, तुला येतं ना लॅटिन? मी म्हणाले, कॉलेजात एक वर्ष होतं. हे खरं आहे. त्यातलं किती उरलंय ते मी सांगितलं नाही.

मग मी माझ्या स्वभावाप्रमाणे तक्ता केला. पाच अभ्यासक्रम, अकरा रकाने. कोणात व्याकरण आधी, कोणात गोष्टी आधी, कशाबरोबर उच्चार ऐकायला मिळतात, कशावर पुढे परीक्षा देता येते. नमुन्याची पानं ऑफिसच्या प्रिंटरवर काढणं मनाला पटेना, म्हणून झेरॉक्सच्या दुकानात जाऊन काढली. शेवटी दोन उरले. एक जाडजूड: आधी रूपांचे तक्ते, मग वाक्यं, आणि शिक्षकासाठी वेगळं पुस्तक, ज्यात प्रत्येक प्रश्नाचं उत्तर छापलेलं. दुसऱ्यात पहिल्या पानापासून फक्त लॅटिन, एकच लांब गोष्ट, चित्रांसकट. उत्तरं कुठेच नाहीत. मी पहिलं निवडलं. ताईला म्हणाले, पाया पक्का होईल. खरं कारण ते उत्तरांचं पुस्तक होतं. दोन शुक्रवार शिकवलं. थोरलीने सगळे तक्ते बिनचूक लिहिले, मुंगीएवढ्या अक्षरात, आणि दोन्ही दिवस एक शब्द बोलली नाही. धाकटी घड्याळ बघत होती. आणि मी मांडीवर उत्तरांचं पुस्तक उघडून बसले होते, ओढणीखाली.

ती ओढणी सारखी करताना मला आपलं स्वयंपाकघर आठवलं. मला शाळेत जागा मिळाली नव्हती, म्हणून दोन वर्षं तुम्हीच माझी शाळा. तुम्ही प्लांटवरून येता, बूट दारात काढता, आई पोळ्या लाटत असते, आणि ओट्याशेजारच्या घडीच्या टेबलावर मी गणित, इंग्रजी आणि संस्कृत मांडून बसलेली असते. संस्कृत हा तुमचा हट्ट. आई म्हणायची, इथे भाजीवाल्याशी हिंदी लागतं, साहेबाशी इंग्रजी, ही संस्कृत कोणाशी बोलणार? तुम्ही म्हणायचात, कोणाशीच नाही, म्हणून तर. एक भाषा अशी असू दे जिच्यात कामाचं काही बोलायचं नाही. एकदा मी पाठीमागची उत्तरं बघून गृहपाठ लिहिला. तुम्ही ओरडला नाहीत. वही बंद केलीत आणि म्हणालात, "चुकलेलं चालेल. झाकलेलं नाही चालणार." 

म्हणूनच पुढचं मला इतकी वर्षं सलत राहिलं. मी काही अवघड विचारलं की तुम्ही म्हणायचात, "उद्या सांगतो," आणि दुसऱ्या दिवशी खरंच सांगायचात, अगदी व्यवस्थित. मला वाटायचं, मला धीर धरायला शिकवताय. मग एकदा तुमचा डबा धुवायला काढताना पिशवीत चिठ्ठी सापडली. माझाच आदल्या दिवशीचा प्रश्न, आणि खाली उत्तर, दुसऱ्याच कोणाच्या अक्षरात. मी ती परत होती तशी ठेवली. तुम्ही गेल्यावर भेटायला आलेल्यांत परभणीकडचे एक वेल्डर काका होते, लहानपणी चार वर्षं मठाच्या संस्कृत पाठशाळेत काढलेले. ते आईला सांगत होते, "साहेब जेवायच्या सुट्टीत पुस्तक घेऊन माझ्याकडं यायचे. म्हणायचे, मला येत नाही हो, उद्या पोरीला सांगायचंय." आई रडता रडता हसली. मी आत निघून गेले. एकोणीस वर्षांची होते मी, आणि मला एवढंच दिसलं की तुम्हीही झाकत होतात.

तिसऱ्या शुक्रवारी, म्हणजे परवा, मी उत्तरांचं पुस्तक घरी ठेवलं आणि दुसऱ्या अभ्यासक्रमाची नमुन्याची चार पानं घेऊन गेले. पहिल्याच पानावर एका खाणावळीचं चित्र आणि खाली वाक्य: असिनुस इन तेक्तो एस्त. गाढव छपरावर आहे. खरोखरच कौलांवर गाढव उभं, आणि खाली मालकीण कमरेवर हात ठेवून वर बघतेय. ते कसं चढलं, काही सांगत नाहीत. धाकटीने घड्याळाकडे पाठ केली. चौथ्या पानावर एक शब्द आला, फूनिस. चित्रांखाली लिहिलेल्या नावांत तो नव्हता. थोरलीने त्यावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. "उद्या सांगते" माझ्या ओठांवर आलंच होतं. आणि तिथे, बाबा, मला लख्ख दिसलं की तुम्ही मला एकदाही "मला येतं" म्हणाला नव्हतात. उद्या सांगतो म्हणजे आज येत नाही. तुम्ही झाकलं नव्हतंत. मीच कधी विचारलं नव्हतं.

मी म्हणाले, "मला माहीत नाही."

"म्हणजे? तू टीचर आहेस ना?" धाकटी.

"आहे. पण कॉलेजातलं निम्मं विसरलेय मी."

थोरलीने पान स्वतःकडे ओढलं. मग, एसीच्या आवाजात जेमतेम ऐकू येईल इतकं हळू, म्हणाली, "आय अ‍ॅम नॉट शुअर. पण हे बघ, छपराच्या कडेला काहीतरी लोंबतंय. मे बी फूनिस म्हणजे दोरी."

"गाढव काय बादली आहे का, दोरीने ओढून वर घ्यायला?" धाकटी.

"मग तू सांग कसं चढलं."

"उडत."

थोरली हसली. मग दहा मिनिटं दोघी भांडल्या, अर्धं इंग्रजीत, अर्धं मराठीत. ताई कणकेच्या हातांनी दारात येऊन उभी राहिली आणि परत गेली. मी शब्दकोश उघडला नाही. तिघींनी ठरवलं की पुढचं पान पुढच्या शुक्रवारी एकत्र उघडायचं, तोवर कोणी डोकावायचं नाही. निघताना थोरली दारापर्यंत आली आणि विचारलं, "राँग असलं तर इट्स ओके, ना?" मी म्हटलं, "चुकलेलं चालेल." पुढचं अर्धं वाक्य मी माझ्यासाठी ठेवलं.

गाडीत बसले. तिथूनच ताईला फोन केला आणि सांगून टाकलं, मला किती येतं आणि किती नाही. ती म्हणाली, "अगं, ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तुझी ओढणी एरवी कधी इतकी नीट नसते." मग म्हणाली, एप्रिलचं एप्रिलमध्ये बघू, इन्शाल्ला, आत्ता तू ते गाढवाचं पुस्तक मागव.

हे पत्र मी त्या उत्तरांच्या पुस्तकात ठेवते आहे. ते आता कोणी उघडणार नाही. एकच सांगायचं राहिलं. छापील प्रती यायला वेळ आहे, पण पुस्तकाची फाइल कालच आली, आणि आज ट्रॅममध्ये मी पाचवं पान वाचून टाकलं. शिकवायची तयारी म्हणून नाही, शपथ. गाढव कसं चढलं ते कळल्याशिवाय राहवेना. शुक्रवारी गेल्या गेल्या त्यांना कबूल करेन. थोरलीचं बरोबर होतं, बाबा. आणि धाकटीचंही अगदीच चुकलं नव्हतं: दोरीने वर जाताना गाढवाचे चारही पाय हवेत आहेत.