संयोगिताला काहीही नाही

मी, मंगल जोतीराम भोईटे, वय वर्षे चौसष्ट, धंदा लेथमशीनवरचं काम, मूळ राहणार तालुका कोरेगाव, जिल्हा सातारा, हल्ली राहणार कुपवाड, जिल्हा सांगली, हे माझं पहिलं आणि शेवटचं मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी धाक घातलेला नाही, फूस लावलेली नाही, मी कसलीही नशा केलेली नाही. मत्सर मात्र पोटात भरपूर आहे. मत्सरामुळे मृत्युपत्र रद्द होतं का, असं मी वकीलबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, तसं असतं तर या जिल्ह्यात एकही टिकलं नसतं. म्हणून तोही लिहूनच ठेवते.

लिहिण्याचं कारण असं, की पुढच्या आठवड्यात मिरजेला माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे. दवाखान्यातल्या फॉर्मवर सही करायला हरणा पुढे झाली, तेव्हा खिडकीतल्या माणसाने विचारलं, "पेशंटच्या कोण?" हरणा म्हणाली, "मी तिचीच हाय की." तो म्हणाला, "रक्ताचं नातं सांगा." शेवटी कोरेगावहून माझा भाऊ बाळासो याचा मुलगा शिवतेज याला बोलवावं लागलं. त्याने सही केली, मग घरी येऊन चहा घेतला, भिंतींवरून नजर फिरवली आणि हरणाला गोड आवाजात म्हणाला, "मावशी, तुमी नंतर गावाकडंच जाणार आसाल न्हवं?" मी आतल्या खोलीत पडून होते. मला ऐकू येतं, हे पोराच्या लक्षात राहिलं नाही.

कलम १. घर.
कुपवाडमधलं दोन खोल्यांचं घर, मागची पत्र्याची शेड, घरातली भांडीकुंडी, बँकेतली ठेव आणि माझी दुचाकी हे सर्व माझ्या स्वकष्टाचं आहे. ते माझ्या पश्चात संपूर्ण मालकीने हरणाबाई दादासो मेटकरी, मूळ राहणार तालुका आटपाडी, हिला मिळावं. नातं : बायको. मी काढलेल्या संस्थेच्या मृत्युपत्राच्या शिबिरांत मी सगळ्यांना "सहचारिणी" असं लिहायला सांगत आले, कारण तो शब्द कारकुनाला टोचत नाही. स्वतःच्या मृत्युपत्रात मी कारकुनाची सोय बघणार नाही.

हरणा मेंढरांमागे वाढलेली. दुष्काळात कळप विकला, तेव्हा ती कुपवाडच्या एका कारखान्यात कामाला लागली. मी शेजारच्या शेडमध्ये लेथवर होते. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत ती बापाची लोकर कातरायची कातर घेऊन आली आणि म्हणाली, "आवं बाई, हिला धार लावून द्या." मी ग्राइंडरवर धार लावून दिली. धार बघायला तिने स्वतःच्या वेणीचं टोक कचकन कापलं आणि माझ्या हातावर ठेवलं. तिथेच माझा कारभार आटोपला. पुढे गल्लीने आम्हाला बहिणी मानलं, मग मैत्रिणी, मग काय मानावं ते न सुचल्याने नुसतं मान हलवून ओळख देणं सुरू केलं.

या कलमात मी आधी एक अट घातली होती. माझ्या पश्चात या घरात आमच्या संस्थेची हल्लीची अध्यक्ष संयोगिता दिनकर निकम हिने रात्री मुक्काम करू नये, केल्यास घर संस्थेकडे जावं, अशी. वकीलबाईंनी कच्चा खर्डा हरणाला वाचून दाखवला. हरणा मला म्हणाली, "घर देतीस का पहारा बसवतीस?" आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. अट काढली आहे. मनातून काढलेली नाही.

कलम २. शेत.
कोरेगावच्या उसाच्या जमिनीतला माझा हिस्सा शिवतेजला देते. बाळासोने माझ्याकडे हक्कसोडपत्र किती वेळा मागितलं! दर दिवाळीला ओवाळणीच्या ताटात नोटेशेजारी पेन ठेवायचा. मी सही केली नाही, ती याच दिवसासाठी. शिवतेज, जमीन घे आणि घराच्या वाटेला जाऊ नकोस. तुला काहीच दिलं नसतं तर तू कोर्टात गेला असतास. आता गेलास तर अख्खा गाव म्हणेल, आत्याने एवढं दिलं तरी याचं पोट भरेना. तू गावाला भितोस, हे मला माहीत आहे. तुझा बाप तुझ्याहून जास्त भितो. माझ्याबद्दल कोणी विचारलं की अजून सांगतो, ती नर्स आहे, लग्न करायचं राहून गेलं. मी आयुष्यात कोणाला सुई टोचलेली नाही.

कलम ३. बरोबरी.
समलिंगी बायका-पुरुषांना इतरांच्या बरोबरीने जगता यावं म्हणून "बरोबरी" ही संस्था मी काढली. पहिल्या मोर्चाला आम्ही सगळ्या मिळून एका टेम्पोत मावलो होतो आणि त्यातही टेम्पोवाला लाजून पुढेच बघत बसला होता. मी पोलीस ठाण्यांत बसले, पळून आलेल्या पोरींच्या आयांच्या शिव्या खाल्ल्या, कॉलेजांत जाऊन बोलले. मला बोलता येत नाही. मी लेथवर बोलते तशी बोलते, मोठ्याने आणि थोडक्यात.

आमच्यातल्या रंगुबाईची जोडीदारीण वारली, तेव्हा राख सावडायच्या आत मयताच्या भाच्यांनी घराला कुलूप लावलं. रंगुबाई स्वतः लावलेल्या शेवग्याखाली बोचकं घेऊन बसली होती. कायद्याच्या लेखी ती कोणीच नव्हती. तेव्हापासून संस्थेने मृत्युपत्राची शिबिरं सुरू केली. कुपवाड, विटा, कोरेगाव, जिथे मंडप मिळेल तिथे. मी माइक धरून तेच तेच सांगायचे : साक्षीदार नीट निवडा. आपल्यापेक्षा तरुण घ्या, धडधाकट घ्या, आपल्या नातेवाइकांना न भिणारा घ्या. आणि ज्याला तुमच्या मृत्युपत्रातून काही मिळणार आहे, त्याला साक्षीला बसवू नका, समोरचा वकील त्याला कोर्टात सोलून काढेल. शिबिरात किती जणांची मृत्युपत्रं झाली. माझंच होत नव्हतं. लिहायला बसले की "घर हरणाबाईला" इथपर्यंत हात चालायचा, आणि मग त्या घराच्या उंबऱ्यापाशी संयोगिताच्या चपला दिसायच्या.

ही संयोगिता विट्याची. बापाचं दक्षिणेत सोनं गाळायचं दुकान. तिथे हिशेब बघत वाढली, चार भाषा बोलते, बापाने स्थळं बघायला घेतल्यावर दुकान सोडून परत आली. बेचाळीस वर्षांची आहे, पण जिना चढताना कठड्याला हात लावत नाही. ती बोलायला उभी राहिली की मागच्या रांगेतले लोक फोन खिशात ठेवतात. मी बोलायचे तेव्हा काढायचे. तीन वर्षांपूर्वी वार्षिक सभेत अध्यक्षपदासाठी मी की ती, असं हात वर करून मतदान झालं. संयोगितासाठी पहिला हात वर गेला, तो हरणाचा. माझ्या शेजारच्या खुर्चीतून. तिच्या बांगड्या माझ्या कानाजवळ वाजल्या.

घरी आल्यावर मी भांडले. हरणा म्हणाली, "लय वर्सं तू त्यांची व्हतीस. आता माझी हो की." बोलणं चांगलं आहे. सकाळी माझा त्यावर विश्वास बसतो. संध्याकाळी संयोगिताची गाडी दारात लागली की उडतो. ती बिनसाखरेचा चहा पिते, त्यासाठी आमच्या घरात आता वेगळं पातेलं आहे. मी एवढी वर्षं सांगत होते की मला आलं सोसत नाही, माझ्यासाठी कधी वेगळं पातेलं आलं नाही.

माझी लेथ, व्हर्नियर, मायक्रोमीटर आणि हत्यारांची पेटी संस्थेला देते. घरातून हाकललेल्या पोरींना हातात काम हवं, नुसता धीर खाऊन पोट भरत नाही. लेथ शेडमधून हलवायची नाही. शिकायचं त्यांनी इथे येऊन शिकावं, म्हणजे हरणाला सोबत होईल. आणि शेडमध्ये माणसं असली की घरात कोण किती वेळ बसतं, तेही त्यांना दिसेल.

कलम ४.
वर नाव आलेल्या संयोगिता दिनकर निकम हिला काहीही मिळणार नाही. घर नाही, घरातली खोली नाही, चमचा नाही. बिनसाखरेचं पातेलं भंगारात द्यावं. मी स्वतःच्या कमाईतून घेतलेला माइक आणि स्पीकर गल्लीतल्या शाळेला द्यावा. कातर तर नाहीच नाही. संस्थेच्या नव्या कार्यालयाची फीत कापायला कात्री सापडेना, तेव्हा हरणा घरी येऊन भिंतीवरची कातर घेऊन गेली आणि तिने ती संयोगिताच्या हातात दिली. माझी धार, हरणाच्या बापाची कातर, आणि फोटोत संयोगिता. तो फोटो कार्यालयात लावला आहे. माझ्यानंतर तो लावलेलाच राहील, हे मला कळतं, म्हणून त्याबद्दल काही लिहीत नाही.

हे कलम रागाने लिहिलं आहे, पण नुसत्या रागाने नाही. संयोगिताच्या हाती माझं काहीही लागू नये, हे मला खरोखर हवं आहे. कारण शेवटी येईल.

कलम ५. अंत्यविधी.
अग्नी हरणाने द्यावा. बाळासो आला तर त्याला खुर्ची द्यावी, मडकं देऊ नये. संस्थेच्या लोकांनी झेंडा आणला तर चालेल, मापात आणावा, वारा असला की संयोगिताला तो नीट बांधता येत नाही. शोकसभेत संयोगिताने बोलू नये. ती फार चांगलं बोलते आणि हरणा रडेल. तिने माझ्यासाठी रडावं, भाषणासाठी रडू नये.

कलम ६. साक्षीदार.
पहिले साक्षीदार डॉ. जयराज पाटणे. भला माणूस, पण माझ्याच वयाचा, आणि कोर्टाच्या तारखेपेक्षा पेशंट आधी, असं म्हणणारा. दुसऱ्या साक्षीदाराची जागा टाइप करताना मोकळी ठेवली होती. इथून पुढे माझ्या हाताने लिहीत आहे.

दुसऱ्या साक्षीसाठी मी आज संयोगिताला बोलावलं. हरणा दूध आणायला बाहेर गेली होती. संयोगिता माझ्या कॉटशेजारी बसली आणि म्हणाली, "ताई, तुमाला मी डोळ्यांम्होरं चालत न्हाई, आन् साक्षीला मीच?"

मी म्हटलं, "आधी एक सांग. हरणावर जीव हाय तुजा?"

तिने भिंतीवरच्या कातरीकडे बघितलं. हिला कुठल्याही सभेत कधी शब्द शोधावा लागला नाही, आज लागला. मग म्हणाली, "व्हय. पर कवा बोलले न्हाई. तुमी हाय तवर बोलणार बी न्हाई."

"तिला ठावं हाय?"

"न्हाई. त्या मला लेकीगत वागवत्यात." हे सांगताना तिचा चेहरा पडला. मला तिची कीव यायला हवी होती. मला आनंद झाला. तोही इथे नोंदवते.

त्यानंतर मी तिला कलम चार वाचायला दिलं. वाचून ती हसली. म्हणाली, "चमचा बी न्हाई?" मी म्हटलं, चमचाही नाही. एक चमचा जरी तुझ्या नावावर असता तर बाळासोचा वकील म्हणाला असता, ही लाभापोटी बोलते. आता काय म्हणणार?

शिबिरांत मी सांगत आले की नातेवाइकांना न भिणारा साक्षीदार घ्या. गावाकडचा माणूस बाळासोच्या एका जेवणावर फिरेल. संस्थेतली पोरं नोकरीला लांब जातील. मी मेल्यावर दहा वर्षांनीही कोणी हरणाला या घरातून काढायला निघालं, तर पिंजऱ्यात उभं राहून "ही सही माझ्यासमोर झाली" असं सांगायला कोण नक्की येईल, याचा मी पडल्यापडल्या विचार केला. एकच नाव आलं. ज्या गोष्टीने मी तीन वर्षं जळते आहे, तीच हरणाच्या डोक्यावरचं छप्पर राखेल. मला हे अजिबात आवडलेलं नाही.

संयोगिता "तुमी हाय तवर" म्हणाली, ते मी विसरलेले नाही. तेवढ्यासाठी तरी ऑपरेशनमधून उठायचं ठरवलं आहे. नाही उठले, तर पुढे हरणाने काय करावं याबद्दल या मृत्युपत्रात एकही अट नाही, हे हरणाने पुन्हा एकदा वाचून घ्यावं. पातेलं भंगारात द्यायचं तिच्यावर सोडते.

याआधी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही. हे मी वाचलं, हरणाला वाचून दाखवलं, या शेवटच्या कलमाखेरीज. ते तिने माझ्यानंतर ऐकावं.

ठिकाण : कुपवाड, जिल्हा सांगली
दिनांक : ११ फेब्रुवारी २०२५

(सही) मंगल जोतीराम भोईटे

साक्षीदार १ : (सही) डॉ. जयराज पाटणे, सांगली. लिहून देणार यांना मी तपासलं आहे. त्या शुद्धीवर आहेत आणि नेहमीइतक्याच रागात आहेत.

साक्षीदार २ : (सही) संयोगिता दिनकर निकम, विटा. मंगलताईंनी ही सही माझ्यासमोर केली. मला यातून काहीही मिळालेलं नाही. बोलावतील तेव्हा येईन.