हिंडलग्यातला निळा ठिपका

३ नोव्हेंबर, सोमवार. हैदराबाद.
आजपासून रोजनिशी. तेवीसला साखरपुडा. वीस दिवसांत माणूस म्हणून सुधारायचं. तंबाखू बंद. गोडाऊनच्या रेड्डीसाहेबांना उलट बोलायचं नाही. आणि नीलमला रोज संध्याकाळी फोन. सुपारी फुटली त्या दिवशी तिनं एवढं एकच मागितलं, रोज पाच मिनिटं. पाच काय, अर्धा तास बोलतो. आपल्याला बोलायला काय लागतंय.

५ नोव्हेंबर
तंबाखू चालू. चुना कमी केलाय.
नीलमला फोन लावणार, तेवढ्यात तिच्या भावाचा, नागेंद्रचा मेसेज. दाजी, कामाच्या जागेचं लोकेशन पाठवा, आप्पा विचारत्यात. पाठवलं. मिनिटात त्याचा फोन. म्हणाला, दाजी, शिक्षा किती वर्सांची?
बघतो तर निळा ठिपका बेळगावजवळ, आमच्या हिंडलग्यात. आमच्या घरावर असता तरी चाललं असतं. नेमका जेलवर. मी इथं गोडाऊनमध्ये पोत्यावर बसलेला, आणि ठिपका पाचशे किलोमीटर लांब, आत.
नागेंद्र हसत होता. मागं आप्पा, माझे होणारे सासरे, हसत नव्हते.

६ नोव्हेंबर
फोन चारदा बंद-चालू केला. कुणीतरी सांगितलं, उघड्यावर जाऊन फोन हवेत आठच्या आकड्यासारखा फिरव. पत्र्यावर चढून फिरवला. खालून रेड्डीसाहेबांनी बघितलं. अर्ध्या दिवसाची हजेरी कापली.
ठिपका आतच.
नीलमला फोन केला नाही. आधी ठिपका बाहेर काढायचा, मग बोलायचं. तोंड दाखवायला जागा पाहिजे.

८ नोव्हेंबर
नागेंद्रचा फोन. आता हसणं कमी. आप्पा म्हणत्यात, पोरगं कामाला हाय का आत हाय एवढं कळू दे, मगच साखरपुडा. म्हणाला, व्हिडिओ कॉल करा की, मिटलं.
कसा करू? सुपरवायझर म्हणून सांगितलंय आणि अंगावर हमालाचा बनियन. त्यापेक्षा लोकेशन सभ्य. ते कपडे दाखवत नाही.
नीलमचे दोन मिस्ड कॉल. डोक्यात एकच काम ठेवायचं असतं.

१० नोव्हेंबर
इथल्या सर्व्हिस सेंटरला गेलो. फोन गणपतीत घेतलेला, वॉरंटी वर्षाची. मॅडम म्हणाली, पीस बदलून मिळेल, पण बिल बेळगावच्या दुकानाचं आहे, तिथंच जावा. खडेबाजारात श्रेयांसकडं घेतलेला. त्याला फोन केला. शुक्रवारी नवा पीस येतोय म्हणाला, या बिनधास्त.
नागेंद्रनं विचारलं, सोमवारी खडेबाजारात बस्ता बांधायचा, याल न्हवं? म्हटलं, सुट्टी नाही. माझ्याशिवाय गोडाऊनचं शटर वर जात नाही. खोटं नाही ते. शटर मीच उचलतो.
प्लॅन पक्का. शुक्रवारी सकाळी बेळगाव, दुपारी नवा फोन, संध्याकाळी परतीची बस. शनिवारी हैदराबादचं लोकेशन आप्पांच्या हातात. रेड्डीसाहेबांना सांगितलं, साखरपुडा शनिवारी आहे. तेवीसचं तेवीसला बघू.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. बेळगाव.
श्रेयांसनं फोन जमा करून घेतला, सिम माझ्या हातात दिलं. कंपनीशी कानडीत अर्धा तास बोलला. मान हलवली, हसला, गावाकडची चौकशी केल्यासारखं बोलला. वाटलं काम झालं. फोन ठेवून मला म्हणाला, नाळे बा. उद्या ये. कंपनीची मंजुरी यायची हाय.
घरी जाता येत नाही. आईला कळलं की सासरवाडीला कळलं. स्टँडजवळ लॉज घेतला.

१५ नोव्हेंबर
परत नाळे बा.
तोंडाला रुमाल बांधून फिरतोय. चहाच्या गाड्यावर मागून पाठीवर थाप. गावचा रवळू. मोठ्यानं म्हणाला, परश्या! कवा सुटलास रं?
म्हणजे गावभर झालंय. त्याला कोपऱ्यात नेऊन शपथ घातली, मी इथं आलतो हे बोलायचं नाही. म्हणाला, मरंस्तवर न्हाय बोलत. फकस्त जामीन कोण ऱ्हायला तेवढं सांग.

१६ नोव्हेंबर, रविवार
दुकान बंद. उद्या बस्ता. उद्या खडेबाजारात पाऊल टाकायचं नाही. आणि फोन खडेबाजारातच.
तोंड बांधून जायचं, फोन घेऊन पटकन निघायचं. तंबाखू वाढली.

१७ नोव्हेंबर, सोमवार. दुपारी १२.
मिळाला! नवाकोरा पीस. दुकानातच सिम घातलं, नकाशा उघडला. ठिपका बरोबर खडेबाजारात. रस्त्याची कुठली बाजू, तेसुद्धा बरोबर. श्रेयांसला म्हटलं, शेठ, याला म्हणायचं फोन.
बारा दिवस चोर म्हणून काढले. आता दम निघाला नाही. तिथंच उभं राहून नागेंद्रला लोकेशन पाठवलं. खाली लिहिलं, बघा आता! तंतोतंत!

१२.०७
नागेंद्रचा मेसेज. आम्ही समोरच्या साडीच्या दुकानात हाय. वर बघा.

संध्याकाळी ५. बसस्टँड.
शांतपणे लिहितो. समोर नागेंद्र, आप्पा, नीलम, माझी आई आणि आक्काताई मावशी, सगळे. नागेंद्र म्हणाला, दाजी, हैदराबाद लई जवळ आलं की! आप्पा म्हणाले, शटर कुणी उचललं रं आज? आई माझ्या तोंडावरच्या रुमालाकडं बघत राहिली.
मी फोन पुढं केला, नकाशा दाखवला, बारा दिवसांचा घोळ सगळा सांगितला. आप्पांनी फोन हातातसुद्धा घेतला नाही.
नीलमच्या खांद्यावर डाळिंबी साडी होती. म्हणाली, मी कुठं लोकेशन मागितलतं? फोन करा म्हणलतं. मग साडी उतरवली, घडी केली आणि काउंटरवर ठेवली.
रंग पसंत पडला नसावा.

२० नोव्हेंबर. हैदराबाद.
लोकेशन एकदम बरोबर. शमशाबाद, गोडाऊन नंबर चार.
आईचा फोन आला होता. नागेंद्र घरी येऊन सुपारी परत ठेवून गेला. चहा घेतला नाही. आई म्हणाली, तेवीसला येऊ नकोस, बाबा. सुट्टी वाया घालवू नकोस.
आई घाबरट आहे. एकदा नीलमनं नकाशा बघितला की सगळं सरळ होतंय.
संध्याकाळी तिला फोन लावला, पहिल्यांदाच. लागला नाही. लोकेशन पाठवलं. एकच टिक. तासानं परत पाठवलं. एकच टिक. नागेंद्रला पाठवलं. एकच टिक. रेड्डीसाहेबांना पाठवून बघितलं, लगेच दोन टिक आणि शिवी.
म्हणजे बेळगावचे मेसेज जात नाहीत. हा पीसपण खराब दिसतोय.
वॉरंटी आहे. उद्या श्रेयांसला फोन.