शेवटचा हात

बाबा, आज मी तेलाचा फडका चुलीत घातला. तेल आणि घासलेट पिऊन पिऊन तो इतका काळा झाला होता की क्षणभर धूरच धूर झाला, मग एकदम पेटला. दुसरा फडका, लाल दोऱ्याचा, अजून खिळ्याला आहे. तो काढायला हात धजला नाही.

तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत मी तुम्हाला मनातल्या मनात पुष्कळ बोलले, त्यात चांगलं फार थोडं होतं. लिहायला मात्र आजच बसले, कारण परवा तुमची नात उतारावरून पडली. घाबरू नका, असं लिहिणार होते, पण तुम्ही कुठे घाबरणार आता. कोपर आणि गुडघा खरचटलाय, बस. ती तीस वर्षांची आहे. वाशीमला एका दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासते आणि सुट्टीच्या दिवशी शंभर-शंभर किलोमीटर सायकल चालवते. तुम्ही असता तर म्हणाला असता, पोरीच्या जातीनं इतकं कायले फिराव. तिला कोणी असं म्हणत नाही. कोणी म्हटलंच तर ती ऐकत नाही.

तिला हलकी सायकल हवी होती. रस्त्यावर पळणारी, वाकडं हँडल, बारीक टायर, आणि डिस्क ब्रेकची. तयार घ्यायची नव्हती, तिच्या मापाची बसवून हवी होती. महिना-दीड महिना खोकी येत राहिली. एकात फ्रेम, एकात पुढचं चाक धरणारा चिमटा, एकात गिअर, एकात दोन नागड्या रिमा आणि कागदात गुंडाळलेल्या तारा. फ्रेम मी एका हाताने उचलली तेव्हा आत काही नाहीच असं वाटलं. तुम्ही तुमच्या जावयाला आंदण दिलेली ती काळी सायकल आठवते ना? तिचं नुसतं स्टँड आणि कॅरिअर हातात घेतलं तरी या फ्रेमपेक्षा जड भरलं असतं. पोरगी म्हणाली, "आई, चाकं तू बांध. दुकानवाल्याच्या हाताचा मले भरोसा नाही." मी पंचावन्न वर्षांची बाई, स्वयंपाकघराच्या ओट्यावर रिम ठेवली आणि तारा ओवायला बसले. तुमच्या मागच्या चाकाला चाळीस तारा असायच्या, हिच्या चाकाला अठ्ठावीस. पण आउट, म्हणजे चाकाचं डगमगणं, काढायची रीत तीच. एक बाजू ढिली करायची, एक आवळायची, घाई करायची नाही.

ही रीत मला कोणी शिकवली, ते तुम्हाला ठाऊक आहे. कोणीच नाही. आई गेल्यावर तुम्ही नववीतून माझं नाव काढलं आणि मला दुकानामागच्या चुलीपाशी बसवलं. मध्ये एक पत्र्याची भिंत. तुम्ही चाक फिरवून तारेवर टिचकी मारायचे, तो आवाज पत्र्यातून माझ्यापर्यंत यायचा. आवळलेली तार टणक वाजते, ढिली तार बद्द वाजते. भाकरी थापता थापता मला कळायला लागलं. मग पत्र्याला एक भोक सापडलं, तिथून दिसायलाही लागलं. सुटे भाग ज्या रद्दीत बांधून यायचे ती रद्दी मी वाचायचे, आणि भोकातून तुमचे हात बघायचे. माझी शाळा एवढीच. एकदा मला राहवलं नाही. दुकानात चार माणसं बसली होती आणि तुम्ही एक चाक किती वेळ फिरवत होता. मी आतूनच ओरडले, "बाबा, वालट्यूबच्या बाजूची तिसरी तार ढिली हाय." तुम्ही ती तपासली. ती ढिलीच होती. तुम्ही ती आवळली आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "तुई भाकर जळून राह्यली, तिच्याकडं ध्यान दे." माणसं हसली. एक जण म्हणाला, "बुवा, पोरीलेच बसवा ना दुकानात, तुमी थापा भाकरी." तुम्हीही हसलात. भाकरी जळत नव्हती, बाबा. मी तव्याकडे बघितलं होतं.

त्या भोकातून मला सगळं दिसलं असं मी समजत होते. सायकल पुरी झाली की तुम्ही शेवटचा हात फिरवायचे. शेवटचा हात हा तुमचा शब्द. "थांबा, शेवटचा हात मारतो, मंग न्या," असं गिऱ्हाईकाला सांगायचे आणि फडक्याने सायकल अशी पुसायचे की जुनी गाडी पाहुण्याच्या घरी न्यावीशी वाटावी. हबवर, चेनवर, मडगार्डवर, रिमवर. तुमच्या खांद्यावर एक फडका आणि खिळ्याला एक, एवढं मला दिसायचं. पण रिमपाशी आल्यावर तुम्ही फडका बदलायचे, हे त्या भोकातून दिसत नव्हतं. रिम तुम्ही खाली वाकून पुसायचे आणि मला फक्त तुमची पाठ दिसायची. बघून शिकलेल्या माणसाला अर्धंच मिळतं. उरलेलं अर्धं तुम्ही एका वाक्यात सांगू शकला असता. तोंड झिजलं असतं का?

तो दिवस तुम्हाला सांगायची गरज नाही, पण मला लिहायची आहे. आम्ही दोन दिवसांसाठी अनसिंगला तुमच्याकडे आलो होतो, पोरगी तीन वर्षांची होती. तिच्या बाबांना शाळेत हजर व्हायचं होतं. ते शिपाई होते, शाळेची पहिली घंटा त्यांच्या हातची. तुम्ही सकाळीच त्यांची सायकल उलटी करून मागच्या चाकाचा आउट काढला, ब्रेकला नवे रबर घातले. तेवढ्यात बसस्टँडकडून कोणाची तरी गाडी बंद पडल्याचा निरोप आला. तुम्ही पाना घेऊन निघालात आणि जाता जाता मला म्हणालात, "जवाई निघून राह्यले. जरा शेवटचा हात मार."

बाबा, तुम्ही मला पहिल्यांदा सायकलीला हात लावायला सांगत होता. उघड, दुकानात, रस्त्यावरची माणसं बघत असताना. मी चुलीवरचं दूध तसंच टाकून धावले. खिळ्याचा तेलकट फडका घेतला. किती मन लावून पुसली मी ती सायकल! हब पुसला, चेन पुसली, आणि रिम तर आतून-बाहेरून अशी लखलखीत केली की तिच्यात माझं तोंड दिसावं. ते कपडे घालून आले आणि म्हणाले, "वा, आज तर सायकल नवरीवानी दिसून राह्यली." मी म्हणाले, "मी पुसली." ते म्हणाले, "मंग तर जपूनच चालवतो."

पुलाच्या उतारावर त्यांचा ब्रेक लागला नाही. खाली लाकडांची ट्रॉली उभी होती.

आमच्या घरी माणसं जमली तेव्हा माझ्या मोठ्या दिरांनी तुम्हाला सगळ्यांसमोर विचारलं होतं, "सायकलीवर शेवटचा हात कोनाचा होता?" मी आत पोरीला मांडीवर घेऊन बसले होते. मला सगळं ऐकू येत होतं. तुम्ही म्हणालात, "माहाच. ब्रेक चांगले होते. जवाई जरा जोरात होते."

जोरात. बाबा, तो माणूस आयुष्यात जोरात चालला नाही. मुंगी दिसली तरी पाय वर धरणारा माणूस. तुमचा तो शब्द गावभर फिरला आणि मी आजही कुठे गेले की एखादी म्हातारी म्हणते, "तुहा नवरा लय जोरात सायकल हाणे म्हंतात." त्या शब्दासाठी मी तुम्हाला माफ केलं नाही. तुम्ही आजारी होता तेव्हा तुमची लघवी-शी काढली, तोंडात पेज घातली, पण एक प्रेमाचा शब्द बोलले नाही. तुम्ही काही विचारलंत तर हो आणि नाही, एवढंच. तुम्हालाही ते कळत होतं.

मी पोरीला घेऊन तुमच्याकडे राहायला आले तेव्हा दुकानात शिरता शिरता मला खिळ्याला दोन फडके दिसले, शेजारी शेजारी. एकाच्या कोपऱ्याला लाल दोरा बांधलेला. तुम्ही म्हणालात, "हा रिमचा. कोरडा." बस, एवढंच. माझ्याकडे बघितलंही नाही. त्या दिवशी मला कळलं की मी काय केलं: ब्रेकचे रबर जिथे धरतात त्या रिमवरच तेलाचा फडका फिरवला. आणि तुम्हाला ते आधीपासून माहीत होतं. शिकवायचं ते वाक्य तुम्ही अखेर बोललात, पण तीन वर्षांची पोर बापाला मुकल्यावर. पुढे तुम्ही मला पंक्चर काढू दिलं, मग ब्रेक, मग चाकं. लोक म्हणायचे, बुवानं पोरीले हुन्नर देल्ला. मी मान खाली घालून तारा आवळायचे.

म्हणून सांगते, नातीची सायकल बसवताना मी रिमजवळ तेल येऊ दिलं नाही. ब्रेक आणि गिअर पोरीनेच बसवले, आणि परवा सकाळी सायकल पुरी झाली. पोरगी आत बूट घालत होती. मी आपला शेवटचा हात फिरवला. चेनला तेलाचा फडका. रिमला लाल दोऱ्याचा, कोरडा, दोनदा. मग हब. हबला तेल लावायचं, हे माझ्या हातात पंचवीस वर्षांपासून आहे. आणि हबला चिकटून ती भोकाभोकांची पातळ चकती होती, चकचकीत. तिच्यावर बोटांचे डाग दिसले म्हणून तीही पुसली. दोन्ही चाकांची. तेलाच्या फडक्याने.

पोरगी म्हणाली, "चल ना आई, उतारावर पाहू कशी पळते." त्याच पुलाच्या उतारावर. दुसरा उतार इथे आहे कुठे. मी वर उभी राहिले. ती खाली सुटली, इतकी हलकी की रस्त्यावर सावली सरकावी तशी. मग ब्रेकचा आवाज आला. कोणी किंचाळावं तसा. सायकल थांबत नव्हती. तिने दोन्ही ब्रेक दाबलेले मला वरून दिसत होते, आणि सायकल थांबत नव्हती. पुलाच्या आधी तिने हँडल वळवलं आणि ती कडेच्या तुरीत शिरली, आडवी झाली. मी कशी धावले, चप्पल कुठे गेली, मला आठवत नाही. ती बसून माती झटकत होती.

"काहून रडून राह्यली? जित्ती हाय मी." मग तिने चाक फिरवलं, चकतीवरून बोट ओढलं, बोटाचा वास घेतला. "आई, हे कायचं तेल हाय?"

"मी रिमला नाही लावलं," मी म्हणाले. "रिमला कोरडाच फडका मारला. शपथ."

"रिमचं कोन इचारून राह्यलं? ब्रेक रिमवर हायेच कुठं आता? हे चकतीच तर ब्रेक हाय! हे दोन पॅड हिलेच तर चिमटीत धरतात." मग माझं तोंड बघून ती हसायला लागली. "अव माय, लॅबमधी सांगितलं तर कोनी मानणार नाही. ब्रेकले तेल!"

तिने मला सगळं समजावलं, रस्त्याच्या कडेला बसून, कोपरातून रक्त येत असताना. या ब्रेकच्या नळीत तेलच असतं. दांडा दाबला की तेल पुढे ढकललं जातं आणि पॅड चकतीला धरतात. तेल आत असलं तर ब्रेक, त्याचाच एक थेंब बाहेर लागला तर काही नाही. चकती स्पिरिटने धुता येते, पण पॅड तेल पितात, ते फेकावेच लागतात. मी ऐकत होते. पाच मिनिटांत सांगून झालं. कोणीतरी मला समोर बसवून, माझ्याकडे बघून, शिकवत होतं. सत्तावीस वर्षं उशिरा, बाबा, आणि शिकवणारी माझीच पोर.

नवे पॅड आज आले. मी चकत्या स्पिरिटने चार वेळा पुसल्या, हात साबणाने धुऊन. मग तेलाचा फडका चुलीत घातला आणि हे लिहायला बसले. हे कुठे पाठवायचं नाही. तारांच्या डब्यात तळाशी राहील, आणि तो डबा मी पोरीला देणार नाही.

कारण तुरीतून सायकल वर घेताना ती एकदम थांबली होती. तिने उताराकडे बघितलं, मग पुलाकडे. ती काही इतकी लहान नाही. तिने हळूच विचारलं, "आई, बाबा गेले तवा बी ब्रेकच लागले नव्हते काय? जोरात होते म्हंतात, पन मले ते कधी खरं वाटलं नाही. आबांनी ब्रेक नीट पायले नसतीन."

तुम्हाला ती अजून आबाच म्हणते. मी खरं सांगू शकले असते. तिथेच, उन्हात, तिचा हात माझ्या हातात होता. तुम्ही एकदा माझ्यासाठी खोटं बोललात आणि ते मेलेल्या माणसावर ढकललंत, म्हणून मी तुम्हाला आयुष्यभर बोल लावला.

"नसतील पाहिले," मी म्हणाले.

आणि बाबा, मला बरं वाटलं.