दोन्ही हात गुंतलेले

आबा, तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. आज लिहायला बसलो त्याचं कारण समोर पडलेला एक फॉर्म. उद्या सकाळी दहाच्या आत तो कंपनीच्या बेट्रीब्सराटकडे, म्हणजे आमच्या कर्मचाऱ्यांच्या समितीकडे द्यायचा आहे. त्यात दोन चौकोन आहेत, एकात आपलं नाव आणि दुसऱ्यात आपण काय पाहिलं ते. नाव लिहून झालंय. पुढचं लिहिण्याआधी तुमच्याशी बोलावंसं वाटलं, कारण हे दुसऱ्या कुणाला सांगायची माझी छाती नाही.

ऑफिसात माझ्या समोरच्या टेबलावर एक जर्मन बसतो. पन्नाशीचा, गिअरबॉक्सच्या कामात मुरलेला, बोलायला कमी. हौसेने बॅगपाइप वाजवतो. तालमीच्या शुक्रवारी तो घरूनच किल्ट, म्हणजे बॅगपाइपवाल्यांचा चुण्यांचा गुडघ्यापर्यंतचा घागरा, घालून येतो आणि त्या दिवशी कँटीनमध्ये सगळ्यांना ऊत येतो. बायका कापड हातात घेऊन बघतात, पुरुष लांबून शिट्टी मारतात, आणि प्रत्येक जण तोच प्रश्न विचारतो, आत काय घातलंयस? ट्राममध्ये अनोळखी लोक न विचारता फोटो काढतात म्हणे. "हं, सवय होते," तो मला एकदा म्हणाला, "फक्त प्रत्येकाला वाटतं की हा प्रश्न आपल्यालाच पहिल्यांदा सुचला." मी हसलो. माझे वडील किल्ट घालायचे हे मी त्याला सांगितलं नाही. हॅनोव्हरमधल्या सात वर्षांत कुणालाच सांगितलं नाही. माझ्या बायकोला तुम्ही मिलिटरीत होतात एवढंच ठाऊक आहे.

मिलिटरीतून तुम्ही बॅगपाइप शिकून आलात आणि मिरजेतल्या लग्नाच्या बँडमध्ये लागलात. मालकाने पुण्यातल्या कुठल्याशा बँडचं बघून चौकड्यांचे किल्ट शिवून घेतले. तुम्ही त्याला किल्ट म्हणायचात, गाव त्याला परकर म्हणायचं. वरातीच्या दिवशी आई स्वयंपाकघरात पितळी तांब्यात निखारे भरते आहे आणि ओट्यावर घोंगडी पसरून किल्टची एकेक चुणी दाबते आहे, हे मला अजून दिसतं. आत घालायला तिने तुम्हाला आपल्या जुन्या पातळाच्या दोन चड्ड्या शिवल्या होत्या, पिवळ्या फुलांच्या. कापड धुऊन धुऊन मऊ झालेलं, म्हणून उन्हात टोचायचं नाही. ही गोष्ट तुम्ही, आई आणि मी सोडून जगात कुणाला माहीत नव्हती.

आठवीत मला वर्गातली पोरं 'परकरवाल्याचा' म्हणायची. त्याच वर्षी, सातवी चांगल्या मार्कांनी पास झालो म्हणून, तुम्ही मला वाकड्या लाकडी मुठीची छत्री घेतली होतीत आणि शाळेत अदलाबदल होऊ नये म्हणून मुठीला लाल दोरा गुंडाळून दिला होता. ती छत्री मिरवत मी शाळेत गेलो तरी चिडवणं थांबलं नाही. पोरांना एकच छंद, तुझा बाप आत काय घालतो रे? एक दिवस मधल्या सुट्टीत मी सांगून टाकलं. पिवळ्या फुलांची, आईच्या पातळाची. पोरं लोळून लोळून हसली आणि एकाने माझ्या खांद्यावर हात टाकला. मला आपलंसं केल्यासारखं वाटलं, हे लिहायलाही लाज वाटते.

जूनमधलं शेवटचं लग्न होतं. वरात शाळेवरून गेली आणि आम्ही पोरं फाटकाबाहेर धावलो. तुम्ही पुढच्या ओळीत होतात, पिशवी काखेत दाबलेली, नळी तोंडात, दोन्ही हातांची बोटं भोकांवर. कुणीतरी मागून छत्रीची मूठ किल्टमध्ये अडकवली आणि कंबरेपर्यंत उचलली. "फुलाफुलांची! फुलाफुलांची!" सगळा रस्ता हसला. नवरदेव घोड्यावरून वाकून बघायला लागला. तुम्हाला हात सोडता येत नव्हते की तोंडाने काही बोलता येत नव्हतं. तुम्ही मागे वळून एकदा पाहिलंत, पुन्हा पुढे पाहिलंत आणि चालत राहिलात. एक सूरही चुकला नाही. मी टाळ्या वाजवणाऱ्यांत होतो.

त्या संध्याकाळी तुम्ही जेवताना फक्त "मीठ दे" म्हणालात. दुसऱ्या दिवसापासून त्या चड्ड्या अंगणातल्या दोरीवरून गेल्या आणि दाराआड खिळ्यावर, टॉवेलखाली वाळायला लागल्या. मला रागवला नाहीत. मी पुण्याला इंजिनीअरिंगला निघालो तेव्हा दोन फुलपँटी हातात ठेवून म्हणालात, "तिथं कुणी तुला काय म्हणू नये." ते वाक्य घेऊन मी जर्मनीपर्यंत आलो, पण त्याचा अर्थ विचारायचं धाडस तुम्ही होतात तोवर झालं नाही.

मागच्या रविवारी इथे शहरात मिरवणूक होती, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बिअरचे ग्लास आणि गर्दी. मी माझ्या दहा वर्षांच्या मुलीला घेऊन गेलो होतो. तिला मराठी समजतं, पण उत्तर जर्मनमध्ये देते. समोरच्या टेबलावरचा आमचा माणूस आला, पिशवी काखेत, दहाही बोटं गुंतलेली. मुलीने विचारलं, "पापा, वास हाट एर द्रुंटर?" आत काय घातलंय म्हणे त्याने! तिला गप्प करायच्या आत गर्दीतून एक बाई पुढे झाली आणि तिने मागून त्याचा किल्ट वर केला. खाली येऊ न देता धरून ठेवला, मैत्रिणींना व्हिडिओ नीट घेता यावा म्हणून. लोक खदाखदा हसले. माझी मुलगीही हसली. तो वाजवत राहिला. त्याने मान वळवली आणि त्याची नजर थेट माझ्यावर आली.

ती बाई आमच्या विभागाची प्रमुख आहे. माझी नोकरी कायम करायची की नाही, हे या महिन्यात तिच्या सहीने ठरणार आहे. सोमवारपर्यंत व्हिडिओ सगळ्या ऑफिसच्या फोनवर पोचला होता, पण त्यात नुसता हात दिसतो. समोरच्या टेबलावरचा तो माझ्याकडे आला. "तू अगदी समोर होतास. ती होती ना?" मी म्हणालो, आठवून सांगतो. "मी बाई असतो आणि तिच्या जागी पुरुष असता, तर कुणी हसलं असतं का?" मी म्हणालो, "नाही." "गेनाऊ, अगदी बरोबर," तो म्हणाला. मग पुढे, "माझी आई होती गर्दीत. ब्याऐंशी वर्षांची. तिला मीच बोलावलं होतं." एवढं बोलून त्याने हा फॉर्म माझ्या टेबलावर ठेवला. तुम्हाला त्या दिवशी एकही साक्षीदार मिळाला नव्हता, आबा. त्याला एकच मिळाला, तो मी.

आताच मी दुसरा चौकोन भरला. 'मी माझ्या मुलीकडे बघत होतो, मला काही दिसलं नाही.' अक्षर चांगलं आलंय. मुलीला सांगून ठेवलंय की रविवारचं कुणाशी बोलायचं नाही. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

हे पत्र कुठे पाठवणार! फॉर्म मात्र उद्या जाईल. तुमच्यापाशी एक सांगायचं राहिलं होतं. त्या दिवशी ज्या पोराने छत्री अडकवली, त्याने ती माझ्याकडून मागून घेतली होती. कशाला हवीय ते मला माहीत होतं, आणि मी दिली. तुम्ही वळून पाहिलंत तेव्हा मूठ अजून वरच होती. लाल दोरा तुम्हाला दिसलाच असणार.