बोकडाच्या दिवशीची हजेरी

पालो सेको, टेक्सास
२ मार्च २०१९

ती. एल्विराआत्यास,
अरासेलीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर मी नुसती रडते म्हणून तू लिहायला सांगितलंस, तर लिहिते. आम्ही काही मुलं मंगळवारी-गुरुवारी शाळेच्या बसने कॉलेजात इंग्रजी शिकायला जातो. वर्ग एकच, पण त्याचे मार्क शाळेतही धरतात आणि कॉलेजातही. पोरगी एका फटक्यात दोन्ही उरकते, असं बाबा गावभर सांगत सुटले होते. नापास झाली तरी दोन्हीकडे होते, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

गेल्या गुरुवारी काउंटीचं जनावरांचं प्रदर्शन होतं. बोकड घेऊन मैदानात उभं असलेलं पोर शाळा हजर धरते. तूही तुझं डुक्कर घेऊन जायचीस. त्याच दिवशी कॉलेजात सहामाही परीक्षा. शाळेनं परवानगी दिलीय म्हणजे परीक्षा मागाहून घेतील, असं मी धरून चालले. हॅस्केल सरांनी सरळ शून्य दिलं. म्हणाले, कॉलेजात बोकडासाठी रजा नसते. त्या शून्यानं मी या विषयात नापास, आणि तो शाळेतही सक्तीचा, म्हणजे मे महिन्यात शाळा संपल्याच्या समारंभात सगळे टोप्या उडवतील आणि मी खाली बसून टाळ्या वाजवणार.

माझ्या बोकडाचा, बिगोतेसचा, मात्र दुसरा नंबर आला. त्याला कशाचं काही नाही.

तुझी,
अरासेली

सॅन अँटोनिओ
७ मार्च

चि. अरासेलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून माझं डोकं फिरलंच होतं, त्यात रात्री रामिरोचा फोन. तुझा बाप एक दिवसाचं काम सोडून कॉलेजात गेला. खिडकीतली बाई म्हणाली, मुलगी कॉलेजची विद्यार्थिनी आहे, तिच्या परवानगीशिवाय तिचे मार्क बापालाही दाखवता येत नाहीत. बरं बाई. मग तू तक्रार घेऊन गेलीस, तर तीच बाई म्हणते, तू सतरा वर्षांची, बापाची सही आण! बाप आला की तू मोठी, तू गेलीस की तू लहान. ही काय थट्टा लावलीय?

आणि तुमच्या मुख्याध्यापिका ओचोआबाई! मुलं कॉलेजात जातात म्हणून शाळेच्या दारावर हा एवढा फलक लावला, फोटो काढून घेतले, आणि आता म्हणतात, तो कॉलेजचा प्रश्न. फोटोच्या वेळी कुणाचा होता?

तुलाही दोन लावायला हव्यात. हॅस्केलला आधी एक शब्द सांगायला तुझं तोंड शिवलं होतं का? असो. बापाची सही घे आणि कॉलेजच्या तक्रार समितीपुढे स्वतः उभी राहा. मी आले असते, पण मी आले तर पोलीस बोलवावे लागतील.

रडायचं नाही. जेवत जा. माया आहे म्हणून ओरडते.

तुझी आत्या,
एल्विरा

पालो सेको
२८ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न.

समिती काल झाली, सकाळी अकराला. ओचोआबाईंकडे रजा मागितली, तर म्हणाल्या, कॉलेजच्या भांडणासाठी शाळा रजा देत नाही. बोकडासाठी देते, हे मी ओठांवर आलेलं गिळलं. बाबा गेटबाहेर गाडी घेऊन उभे होते. मी सरळ चालत गेले आणि गाडीत बसले.

तिथे तिघंजण आणि हॅस्केल सर. मुलांना नियम शाळेनं सांगायला हवे होते, असं सर म्हणाले. शाळेकडून आलेल्या कागदावर होतं की ते सरांनी सांगायचे. दोघांनीही सांगितले नव्हते. तरी एक बाई मला जबाबदारीवर ऐकवायला लागल्या. पण आत्या, मी रडले नाही. म्हटलं, सरांना आधी विचारलं नाही ही माझी चूक, ती मला मान्य आहे. मग म्हटलं, "त्या दिवशी मी शाळेत हजर होते आणि तुमच्याकडे गैरहजर. आज तुमच्याकडे हजर आहे आणि शाळेत गैरहजर. एकदा सगळे मिळून ठरवा, मी कुणाची?"

त्याचं उत्तर सोडून सरांनी डायरी उघडली. मग म्हणाले, परीक्षा पुढच्या गुरुवारी घेतो, दहा मार्क कापून. कापू देत.

शाळेनं मात्र रजेशिवाय गेले म्हणून शनिवारी दिवसभर शिक्षेच्या खोलीत बसवायचं ठरवलंय. बाबा घरी येताना नुसते नाक पुसत होते. तू त्यांना सांगू नकोस मी लिहिलं म्हणून.

तुझी,
अरासेली

सॅन अँटोनिओ
२ एप्रिल

चि. अरासेलीस,
अनेक आशीर्वाद.

दहा मार्क कापणारा तो कोण टिकोजीराव! आणि त्या ओचोआबाईला मी काय म्हटलं ते आशीर्वादाच्या पत्रात लिहिता येत नाही. शनिवारी त्यांच्याच खोलीत, त्यांच्याच दिव्याखाली अभ्यास केला असशील, अशी आशा आहे.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं, एकदा शेजारणीला मोठ्यानं वाचून दाखवलं. मे महिन्यासाठी निळा पोशाख शिवायला टाकलाय. गुरुवारी डोकं शांत ठेव. आणि तू त्या चौघांना विचारलंस ना, त्यांना जमलं नाही, म्हणून उत्तर मीच देते.

आमची.

आत्या