सरळ रेषेत लग्नाला

३ मे
मुलीचं लग्न वीस तारखेला. तिच्या शहरात, म्हणजे शहाण्या माणसाने पाऊल टाकू नये इतक्या लांब. भाषण अर्थातच माझं. फोनवर म्हणते, बाबा, चारच मिनिटं हं. चार मिनिटांत मी नुसता घसा साफ करतो!

५ मे
विमान कंपनीचा नकाशा पाहिला. किळस आली. विमान दारुडा घरी जातो तसं जातं: आधी उत्तरेला बर्फात चढायचं, मग घसरत खाली यायचं. म्हणे साडेनऊ हजार किलोमीटर, तेरा तास. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली. सरळ रेषा भरते अकरा हजार. म्हणजे वाकडी वाट सरळ वाटेपेक्षा कमी! या लोकांना धड खोटंही बोलता येत नाही.

७ मे
तिकीट एजंटाला झापलं. तो म्हणाला, काका, पृथ्वी गोल आहे. मला शिकवतो! गोल आहे म्हणून माणसाने वाकडं जायचं? पट्टीखाली आलेले दोन विमानतळ निवडले. तीन विमानं घ्यावी लागतील, दुप्पट वेळ जाईल, पण रेषा सरळ. तत्त्व म्हणून काही आहे की नाही?
बायको म्हणाली, तुम्ही या सरळ, मी आपली वाकडी पोचते. आयुष्यभर माझी भाषणं ऐकून हे फळ.

१२ मे
भाषण तयार. एक तास दहा मिनिटं. एक वाक्य जरी कापलं तरी मुलीवर अन्याय होईल.

१८ मे, पहाटे
निघालो. ही दुपारच्या विमानाने येणार, उशी घेऊन. उशी!

१९ मे
पहिला विमानतळ. कॉफी म्हणजे कुणीतरी हात धुतलेलं पाणी. काउंटरवरच्या बाईंना वाकड्या मार्गांचा जाब विचारला. रांग स्तब्ध. फार दिवसांनी असा रंगलो. थांबलो तेव्हा कळलं, माझं विमान गेलं. बाई म्हणाल्या, तुमचंच नाव पुकारत होते, पण तुमच्यापुढे ऐकू येईना. पुढचं विमान उद्या. निर्लज्ज कारभार! तरी पोचेन. माझ्याशिवाय सुरू करतील थोडेच?

२० मे, संध्याकाळ
तिकडे आत्ता लग्न. मी हवेत. तिसरं विमान. समोरच्या पडद्यावर आमची रेषा दिसली. वाकडी. इथेही! शेजाऱ्याला दाखवली. त्याने कानात बोळे घातले.

२१ मे
हॉलमध्ये खुर्च्या एकावर एक रचून ठेवलेल्या. एक तेवढी खाली होती. मुलगी म्हणाली, ती तुमची, उचलू दिली नाही. भाषण बायकोने केलं. हिने! जावयाला म्हणाली म्हणे, आमची पोर लहानपणी झोपेत हसायची. तुझ्या घरीही तशी हसली, तर उठवू नकोस. बस्स, इतकंच. सगळा हॉल रडला. याला काय भाषण म्हणायचं? संदर्भ नाही, मांडणी नाही.
मुलगी समोर बसली. म्हणाली, बाबा, आता बोला, हवं तितकं बोला. कागद काढले. झोपेत हसायची, हे मला माहीतच नव्हतं.
चार मिनिटं मी नुसता घसा साफ करत होतो.

२३ मे
परतीचं तिकीट बदललं. हिच्या शेजारी, वाकडं. एकटीला भीती वाटायला नको, एवढ्यासाठीच. उशी मीही एक घेतली आहे.